किल्ली तुझ्याच पर्समध्ये असू दे

अगं, गाडी बुक केल्याचं आईकडून कळलं आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! तेही छोटी घेतलीस, ऑटोमॅटिक घेतलीस आणि स्वतःच्या पगारातून हप्ता बसवलास. आता चार जण तुला विचारतीलच, "अजून लाख-दोन लाख घातले असते तर मोठी आली असती की!" विचारू देत. कऱ्हाडातले मंडईकडचे रस्ते, तुमच्या इमारतीखालचं ते दोन खांबांमधलं पार्किंग आणि अधूनमधून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला सासरी जाणं, हे तुझं गणित आहे. त्यात चार मीटरच्या आतलीच गाडी बसते.

मला मात्र तुझ्याशी वेगळंच बोलायचंय. आपल्याकडे बायका गाडी चालवायला लागून बरीच वर्षं झाली, पण गाडी 'बघणारे' अजून दुसरेच असतात. टायरमध्ये हवा भाऊ भरून आणतो, सर्व्हिसिंगला नवरा नेतो, विम्याची तारीख सासऱ्यांच्या डायरीत असते. मग रस्त्यात एखादा दिवा पेटला, कसलासा आवाज आला, की पहिला फोन घरी. माझ्या कितीतरी मैत्रिणी सुरेख गाडी चालवतात आणि तरी गावाबाहेर एकट्या जात नाहीत. चालवायची भीती त्यांना नसतेच गं. गाडीला काही झालं तर करायचं काय, याची धास्ती असते. तुझं तसं होऊ नये म्हणून हे सगळं बसून सांगतेय.

आधी कागद. गाडी तुझ्याच नावावर घे. घरातले प्रेमाने म्हणतील, "नावावर काय आहे, सगळं एकच तर आहे." नाही, एक नाही. विम्यात मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा नावाचा एक भाग असतो, १५ लाखांचा. तो मिळतो गाडी ज्याच्या नावावर आहे त्या माणसाला, आणि त्याचं लायसन्स चालू असेल तरच. गाडी नवऱ्याच्या नावावर आणि रोज चालवणार तू, असं असेल तर हे संरक्षण तुला लागूच होत नाही. हे शोरूममध्ये कुणी आपण होऊन सांगत नाही. आरसीवर नॉमिनीचं नावही आता लावता येतं, तेही लावून टाक.

विम्याची आणखी एक गंमत समजून घे, कारण तिथे पुष्कळ जण फसतात. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षी कागद उघडला की तारीख पुढची दिसते आणि माणूस निर्धास्त राहतो. गाडी ठोकली जाते तेव्हा कळतं की आपल्या नुकसानीचा विमा केव्हाच संपलाय. दोन्ही तारखा मोबाइलमध्ये वेगवेगळ्या टाकून ठेव. शोरूमवाल्याकडूनच विमा घ्यायला पाहिजे अशी सक्तीही कुठे नाही; दोन ठिकाणी दर विचार आणि मग ठरव. आणि बारीकसारीक ओरखड्यांसाठी दावा करू नकोस. एक वर्ष दावा न करता गेलं की पुढच्या हप्त्यात नुकसानीच्या भागावर २० टक्के सूट मिळते आणि सलग पाच वर्षं तसं गेलं तर ५० टक्के. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. उद्या गाडी बदललीस तरी ती तुझ्याबरोबर नव्या गाडीवर येते. म्हणूनही म्हणते, नाव तुझंच लाव.

आता गाडीकडे येऊ. या सगळ्या गाड्या नेमक्या चार मीटरच्या आत का असतात, हे तुला कधी कुणी सांगितलं का? २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंत लांब आणि पेट्रोलवर १२०० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क उतरवलं. तेव्हापासून ती रेघ कायम आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून या वर्गाला जीएसटीही १८ टक्केच लागतो. म्हणजे कंपन्यांनी आखूड लांबीत जास्तीत जास्त जागा काढायची. मग उपाय काय, तर उंची वाढवायची. आपल्याकडे १९९८ मध्ये सँट्रो आली आणि १९९९ मध्ये वॅगनआर, तेव्हा लोकांनी या उंच गाड्यांना डबे म्हणून नाकं मुरडली होती. जपानमध्ये वॅगनआर १९९३ पासूनच होती, तिकडे तर छोट्या गाड्यांचा वेगळा वर्गच आहे. पण त्या डब्याचा उपयोग काय असतो ते आईला विचार. तिचे गुडघे दुखायला लागल्यापासून खोल सीटच्या गाडीतून तिला हात धरून उठवावं लागतं. उंच बांध्याच्या गाडीत ती बाजूने बसते आणि बाजूने उतरते, कुणाची मदत लागत नाही. तुझ्या सासूबाईंनाही हे फार सोयीचं होईल बघ.

उंचीची दुसरी बाजूही माहीत असू दे. हायवेवर ट्रक किंवा एसटी जोरात शेजारून गेली की अशी हलकी, उंच गाडी किंचित बाजूला सरकल्यासारखी वाटते. घाबरून स्टिअरिंगला हिसका देऊ नकोस. दोन्ही हातांनी घट्ट धर, सरळ ठेव, एवढंच.

आणि मागची काच! चपट्या पाठीच्या प्रत्येक गाडीची ही खोड आहे. गाडी पुढे जाते तशी तिच्या पाठीमागे हवा गोल फिरते आणि चाकांनी उडवलेला चिखल, धूळ सगळं उचलून मागच्या काचेवर आणून बसवते. डिकी बाहेर आलेल्या लांब गाड्यांना हे इतकं होत नाही. पावसाळ्यात कऱ्हाड ते पाटण एवढं गेलीस तरी मागचं दिसेनासं होईल. त्यासाठी मागचा वायपर लागतो, आणि तो पुष्कळ गाड्यांना वरच्या मॉडेललाच मिळतो. तुझ्या मॉडेलला आहे ना ते आधीच बघ. लोक मोठ्या पडद्याचा स्टिरिओ बघून मॉडेल ठरवतात. मी तर म्हणेन पडदा लहान असला तरी चालेल, मागचा वायपर आणि काच गरम करणाऱ्या त्या तारा हव्यातच.

काचेवर धुकं धरतं तेव्हा काय करायचं, हे नीट सांगते, कारण घाटात ऐन वळणावर हे होतं आणि शेजारचा माणूस फडक्याने काच पुसायला लागतो. आधी काचेवर आतून बोट फिरव. बोटाची रेघ उमटली तर बाष्प आतलं आहे. तुमच्या श्वासाचं, ओल्या कपड्यांचं, छत्रीचं. अशा वेळी एसी चालू करायचा, हवेची दिशा पुढच्या काचेकडे वळवायची आणि आतलीच हवा फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यायची. पावसात बाहेरची दमट हवा आत कशाला, असं वाटतं. पण ती एसीतून कोरडी होऊनच येते. मिनिटभरात काच साफ होते. बोट फिरवूनही रेघ उमटली नाही तर बाष्प बाहेरच्या अंगाला आहे. एसीने काच गार पडली आणि बाहेरची ओली हवा तिच्यावर जमली. तेव्हा एकदा वायपर मार आणि काचेवर येणारा गारवा कमी कर. फडकं कशालाच लागत नाही.

इंजिनाबद्दल थोडं. तुझ्या गाडीचं इंजिन हजार सीसीच्या आसपासचं, तीन सिलिंडरचं आहे. सिग्नलला उभी असताना सीटमधून, गिअरच्या दांड्यातून एक बारीक थरथर जाणवेल. पहिल्या आठवड्यात तुला वाटेल काहीतरी बिघडलंय. नाही गं. तीन सिलिंडरचे झटके चार सिलिंडरसारखे एकमेकांना पुरतं सांभाळून घेत नाहीत, म्हणून ती थरथर. गाडी पळायला लागली की जाते. थरथर अचानक वाढली, गाडी ओढत नाही असं वाटलं किंवा इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा पेटून राहिला, तर मात्र दाखवून घे.

ऑटोमॅटिकची गोष्ट जरा निगुतीने ऐक, कारण तुझ्या वाटेत घाट आहे. छोट्या गाड्यांत जी स्वस्तातली ऑटोमॅटिक मिळते, एएमटी म्हणतात ती, तिच्या पोटात साधा गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेटच असते. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर ती आपल्याकडे पहिल्यांदा आली. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम फक्त यंत्राकडे दिलेलं आहे. आत कुणीतरी न दिसणारा ड्रायव्हर बसून आपल्या वतीने क्लच दाबतोय असं धर. तो गिअर बदलतो तेवढ्या क्षणापुरती ओढ तुटते आणि आपली मान पुढे डुलते. यावर उपाय आहे. इंजिनाचा आवाज चढत आला, आता गिअर बदलेल असं वाटलं, की अॅक्सिलरेटरवरचा पाय अगदी थोडा सैल सोडायचा. गिअर पडला की पुन्हा दाबायचा. थोड्या दिवसांत पायाला आपोआप कळायला लागतं.

चढावर ट्रॅफिकमध्ये अडकलीस तर अॅक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी धरून ठेवू नकोस. पुष्कळ जण धरतात. आत क्लच प्लेट त्या वेळी घासत असते, तापते, करपल्याचा वास येतो, आणि ती बदलायचा खर्च छोट्या गाडीलासुद्धा मोठा असतो. ब्रेकवर पाय ठेव किंवा हँडब्रेक ओढ. तुझ्या गाडीत हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर ती दोनेक सेकंद मागे जात नाही. तेवढ्यात अॅक्सिलरेटर द्यायचा. नसेल तर हँडब्रेकवर उचलायची सवय कर, एखाद्या रविवारी रिकाम्या चढावर.

उतरताना तर फारच महत्त्वाचं. पोफळीपर्यंतचा तो सगळा उतार नुसत्या ब्रेकवर उतरायचा नाही. ब्रेक तापतात आणि तापले की धरत नाहीत. दांडा मॅन्युअलला घे आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ठेव. इंजिनच तिला मागे ओढून धरतं, ब्रेक वळणापुरता लागतो. आवाज जरा मोठा येईल, येऊ दे. गाडी कधीही न्यूट्रल करून सोडू नकोस, "पेट्रोल वाचतं" असं कुणी कितीही सांगो. आणि अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर आपण थांबायचं. चढणाऱ्याला आधी वाट द्यायची हा नुसता रिवाज नाही, नियमच आहे.

पाच माणसं, सामान आणि एसी, एवढं घेऊन चढताना ही गाडी दमते हेही खरं. तेव्हा खालच्या गिअरमध्ये ठेव, ओव्हरटेकची घाई करू नकोस. ऐन चढावर दोन मिनिटं एसी बंद केलास तर फरक लगेच जाणवेल. येताना चिपळूणहून आंब्याच्या पेट्या, फणस, सोलं, सगळं असणारच. मागची सीट पाडून सामान रचलंस तर जड पेटी तळाशी आणि पुढच्या सीटला टेकवून ठेव. वर मोकळी ठेवलेली वस्तू ब्रेक दाबला की डोक्यावर येते.

सीएनजीचं तू विचारलं होतंस म्हणे आईला. रोजचं खूप फिरणं असेल तर ते परवडतं यात वाद नाही. पण डिकीतली बरीच जागा टाकी खाते, गाडीची ओढ थोडी उतरते, दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी करून घ्यावी लागते आणि पंपावर रांग. गॅस भरताना म्हाताऱ्या माणसांसकट सगळ्यांनी खाली उतरायचं असतं, पावसात देखील. तुझं ऑफिस जवळ आणि सासर घाटापलीकडे; पेट्रोलच बरी.

मायलेज. "किती देते?" हा प्रश्न तुला लिफ्टमध्ये, लग्नात, दवाखान्यात, कुठेही विचारतील. जाहिरातीतला आकडा असतो तो चाचणीचा. तू कॉलेजात असताना आपण ज्या टेकडीवर फिरायला जायचो ना, कोथरूडची एआरएआय टेकडी, तिचं नाव ज्या संस्थेवरून पडलं तीच अशा चाचण्या करते. गाडी रोलरवर ठेवून, ठरलेल्या वेगाने चालवून. तिथे ना खड्डे, ना मंडई, ना मागे बसलेली नणंद. म्हणून तो आकडा गावात मिळत नाही, त्यात कुणी फसवलेलं नसतं. डॅशबोर्डवरचा आकडाही बहुतेक गाड्यांत जरा वाढवूनच दाखवतो. खरा हिशोब करायचा तर टाकी आपोआप बंद होईपर्यंत भर, ट्रिप मीटर शून्यावर आण, गाडी वापर आणि पुन्हा त्याच पंपावर तशीच भर. समजा ३४० किलोमीटर झाले आणि २० लिटर बसलं, तर १७. बस, तो तुझा आकडा. दोन-तीनदा काढलास की गाडीचा मूळ आकडा पक्का होतो, आणि मग तो अचानक खाली आला तर गाडीचं काहीतरी दुखतंय हे तुला इतरांच्या आधी कळेल. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. त्यातला काही भाग तुझ्याच आसपासच्या उसाचा असेल. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने लिटरमागे ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे आकडा थोडा उतरतोच. नवी गाडी त्यासाठी बनवलेली आहे, काळजी नको.

टायर. हवा किती भरायची ते पंपावरच्या मुलाला विचारायचं नाही, त्याला सांगायचं. ड्रायव्हरचं दार उघडलंस की खांबावर एक चिकटपट्टी दिसेल, तिच्यावर पुढची-मागची, माणसं कमी असताना आणि गाडी भरलेली असताना, असे सगळे आकडे असतात. हवा सकाळी, टायर गार असताना बघायची. आणि स्टेपनीचीही. तिच्याकडे कुणी बघत नाही. गरज पडते तेव्हा तीच बसलेली असते. टायरच्या बाजूला चार आकडे एका चौकटीत कोरलेले असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. १८२५ असेल तर २०२५ च्या अठराव्या आठवड्यातला टायर. डिलिव्हरी घेताना पाचही टायरचे आकडे बघ. पुढे केव्हा टायर बदलायचा हेही टायरच सांगतो. खाचांच्या तळाशी आडवे बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. ती उंची १.६ मिलिमीटर असते, कायद्याची मर्यादाही तीच. पावसाळ्याच्या तोंडावर मात्र त्याच्या बऱ्याच आधी बदललेला चांगला.

स्टेपनी लावायला शिकच. जॅकवर उचलायच्या आधी नट सैल करायचे, हे एकच लक्षात ठेव. गाडी उचलल्यावर जोर लावलास तर चाक नुसतं फिरेल आणि गाडी जॅकवरून घसरायची भीती. नट हाताने हलला नाही तर पान्याच्या टोकावर पाय ठेवून अंगाचा भार द्यायचा. बायकांच्या हाताला ते झेपत नाही असं म्हणतात ते काही खरं नाही, पान्याचा दांडा लांब असला की पुरतं. डिकीत एक लांब दांड्याचा पाना, जुनी चादर आणि टॉर्च टाकून ठेव.

छोट्या गाडीचं एक दुखणं छोट्या पल्ल्यांमुळे येतं. घर ते ऑफिस दोन-तीन किलोमीटर, एसी चालू, दिवे चालू, गाडी बंद. बॅटरीला पुरतं भरायला वेळच मिळत नाही. आठवड्यातून एकदा तरी उंब्रजपर्यंत मोकळी पळवून आण. गाडीलाही बरं आणि तुलाही. एएमटी गाडी ढकलून चालू होत नाही, त्यामुळे जंपर केबल जवळ असू दे. लाल वायर आधी मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला आणि तिचं शेवटचं टोक तुझ्या गाडीच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. ठिणगी उडालीच तर बॅटरीपासून लांब उडावी म्हणून.

उंदरांचं नको तेवढं खरं आहे. पाऊस सुरू झाला की कोरडी, उबदार जागा शोधत ते बोनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. लोक तंबाखूची पानं ठेवतात, कुणी फिनाईलच्या गोळ्या. माझा भरवसा दोनच गोष्टींवर. गाडीत खाण्याचा एक कणही ठेवायचा नाही, आणि दर रविवारी बोनेट उघडून बघायचं. लेंड्या, पाला, चावलेला फोम दिसला की लगेच साफ करून घ्यायचं. बोनेट उघडलंच आहे तर ऑइलची पट्टी ओढून बघ, कुलंटची बाटली बघ, काच धुवायचं पाणी भर. पाच मिनिटांचं काम आहे.

साचलेल्या पाण्यात गाडी घालू नकोस. निम्मं चाक बुडेल एवढं पाणी दिसलं तर परत फिर. आणि पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा चालू करायला जाऊ नकोस, कितीही लोक "मार सेल्फ" म्हणून ओरडू देत. पाणी आत ओढलं गेलं असेल तर त्या एका सेल्फने इंजिन फुटतं. उतर, ढकलून बाहेर काढ, टो करून ने.

मागच्या सीटवरच्यांना पट्टा लावायला लाव. यात भिडस्तपणा अजिबात नको. सप्टेंबर २०२२ मध्ये सायरस मिस्त्री पालघरजवळ अपघातात गेले, तेव्हा मागे बसलेल्यांनी पट्टे लावलेले नव्हते. केवढी मोठी, भक्कम गाडी होती ती. आपल्या छोट्या गाडीत तर सूट घ्यायला जागाच नाही. मागे पट्टा न लावल्यास हजार रुपये दंड आहे, तो सांगितला की मोठी माणसं ऐकतात. सासऱ्यांना तेच कारण सांग. लहान मुलाला मांडीवर घेऊन पुढे बसायचं तर मुळीच नाही, पुढे एअरबॅग असते.

आणि शेजारी बसणारे. सुरुवातीला तुझ्या शेजारी जो बसेल तो ड्रायव्हिंगचा मास्तर होईल. "ब्रेक... ब्रेक... अगं डावीकडून घे." ही सगळी मायेचीच माणसं असतात, पण त्यांच्या ओरडण्याने तुझं लक्ष रस्त्यावरून त्यांच्यावर जातं. गाडी सुरू करायच्या आधीच हसून सांग की चालवताना मला कुणी काही सांगू नका, वाट तेवढी सांगा. एकदा सांगितलंस की पुरतं. गॅरेजमध्येही तसंच. मेकॅनिक तुझ्याशी न बोलता तुझ्या नवऱ्याशी बोलायला लागेल. त्याला तिथल्या तिथे म्हण, "गाडी माझी आहे, मला दाखवा." बदललेला भाग मागून घे, हातात घेऊन बघ, बिलावरच्या ओळी वाच, न कळलेलं विचार. चांगला मेकॅनिक खूश होतो, आणि जो चिडेल त्याच्याकडे पुन्हा जाऊ नकोस.

डिलिव्हरी भर दिवसा घे. मुहूर्त संध्याकाळचा निघाला तर आदल्या दिवशी उजेडात जाऊन गाडी बघून ये. पत्र्यावर कडेने नजर टाक, सगळे दिवे, चारही काचा, वायपर चालवून बघ. दोन्ही किल्ल्या मोज, स्टेपनी-जॅक आहे ना बघ, चॅसी नंबर कागदाशी ताडून घे. पेढे, हार, फोटो त्याच्यानंतर.

पहिल्यांदा चिपळूणला एकटी निघशील तेव्हा सकाळी निघ. धुकं असलं तर साधे खालचे दिवे लाव. ते चारही इंडिकेटर लावून पळायचं नाही, मागच्याला तू कुठे वळतेयस तेच कळत नाही. हेळवाकला थांबून चहा घे, टायरवर एक नजर टाक, मग घाटाला लाग. मला फोन पोहोचल्यावर कर. मध्ये माझा आला तर उचलू नकोस.